मॅकार्टीबाईंच्या देणगीमागचा इतिहास

जुलै १९९५. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्ग गावी ८७ वर्षांच्या ओसिओला मॅकार्टी यांनी सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला दीड लाख डॉलर देऊ केले. गरीब कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी. हे पैसे त्यांनी जन्मभर लोकांचे कपडे धुऊन साठवले होते. बातमी देशभर गाजली, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना पदक दिलं, साधेपणाचं अपार कौतुक झालं. पण त्यांना जन्मभर धुणंच का धुवावं लागलं आणि ज्या विद्यापीठाला पैसे दिले त्याची पायरी त्या स्वतः का चढल्या नाहीत, हे कळल्याशिवाय त्या देणगीचं खरं मोल कळत नाही.

जन्म १९०८ चा, मिसिसिपीतल्याच वेन परगण्यातला. हॅटिसबर्गला आई, आजी आणि मावशी अशा बायकांच्या घरात त्या वाढल्या. सहावीत असताना मावशी अंथरुणाला खिळली. तिचं करायला घरी कोणी हवं होतं, म्हणून शाळा सुटली ती कायमची. नर्स व्हायचं मनात होतं, ते मनातच राहिलं. पुढे आजी गेली, १९६४ मध्ये आई आणि १९६७ मध्ये मावशी. लग्न, मुलंबाळं काही नाही. धुणं मात्र चालूच राहिलं.

हे काम त्यांच्या वाट्याला आलं, त्यामागे मोठा इतिहास आहे. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली तरी दक्षिणेतल्या काळ्या बाईपुढे पोटापाण्याचे मार्ग मोजकेच होते: शेतमजुरी, गोऱ्यांच्या घरचा स्वयंपाक-झाडलोट, नाहीतर धुणं. धुणं अतिशय कष्टाचं. पाणी वाहून आणायचं, लोखंडी हंड्यात कपडे उकळायचे, फळीवर घासायचे, खळ घालायची, निखाऱ्यावर तापवलेली इस्त्री फिरवायची. तरीही लेकुरवाळ्या बायका तेच पत्करत, कारण ते आपल्या अंगणात करता येई. पोरं डोळ्यांसमोर राहत, मालकीण डोक्यावर नसे आणि मालकाच्या घरात एकटं वावरण्याचा धोकाही टळे. सोमवारी गठ्ठे आणायचे, शनिवारी घड्या पोचवायच्या आणि रविवारी चर्चला जायचं, असा आठवडा.

या बायका मुकाट सोसत होत्या असंही नाही. १८८१ च्या उन्हाळ्यात अटलांटात वीसेक धोबिणींनी संघटना काढून दरवाढीसाठी संप पुकारला. तीन आठवड्यांत हजारो जणी सामील झाल्या. अटकसत्र झालं, दंड झाले, माणशी २५ डॉलरचा परवाना लादायची धमकीही आली. बायका हटल्या नाहीत. या संपाची हाक चर्चमधल्या बैठकांतूनच पसरली होती.

ते साहजिकच होतं. गुलामीच्या काळात गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्यांना सज्ज्यात बसवत. मुक्तीनंतर त्यांनी आपली चर्चं उभारली, आणि मंडळीत बहुसंख्य बायकाच. पाळक पुरुष असला तरी आजाऱ्याची विचारपूस, मयताचा खर्च, अडल्यानडल्याला मदत हे सगळं बायकांच्या वर्गणीवर चाले. १९०० मध्ये बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या काळ्या महिलांनी आपली देशव्यापी परिषद स्थापन केली. तिच्यातल्या नॅनी हेलन बरोज यांनी १९०९ मध्ये वॉशिंग्टनला मुलींची शाळा काढली आणि घरकामालाही कसबाची प्रतिष्ठा हवी, असा आग्रह धरला. कायद्याने मात्र ती प्रतिष्ठा दिली नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळले गेले, स्वतःच्या घरी काम घेणारेही त्याच्या बाहेरच होते. दक्षिणेतल्या बहुतेक कष्टकरी काळ्या बायका त्यातच मोडत. म्हातारपणची सोय ज्याची त्यानेच करायची होती. मॅकार्टीबाईंच्या काटकसरीकडे बघताना मला हे विसरता येत नाही.

त्यांनी गाडी कधी घेतली नाही. वाणसामान आणायला पायी जात, फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चला कोणीतरी ओळखीचं गाडीतून नेई. बायबल इतकं वाचलेलं की करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांची पानं गळू नयेत म्हणून चिकटपट्टी लावलेली. साठच्या दशकात धुलाईयंत्र घेऊन पाहिलं, पण ते नीट खळबळत नाही आणि सुकवायच्या यंत्रात पांढरे कपडे पिवळे पडतात म्हणून पुन्हा हंडा, फळी आणि अंगणातली दोरी. हे कारागिराचं बोलणं आहे, त्याला भोळेपणा म्हणू नये.

आणि ते विद्यापीठ? ते १९१० मध्ये फक्त गोऱ्यांसाठी स्थापन झालं. हॅटिसबर्गचाच क्लाइड केनर्ड कोरियाच्या युद्धात लढून आला, शिकागोत शिकला आणि आईच्या मदतीला गावी परतून कोंबड्या पाळू लागला. पन्नासच्या दशकात त्याने इथे प्रवेशासाठी पुन्हा पुन्हा अर्ज केले. त्याला आधी एका बनावट गुन्ह्यात पकडलं आणि मग १९६० मध्ये २५ डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या चोरीत गोवून सात वर्षांची शिक्षा ठोठावली. तुरुंगात कॅन्सर बळावला, मरणपंथाला लागल्यावर सोडलं. ४ जुलै १९६३ रोजी तो गेला. न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली २००६ मध्ये. काळ्या विद्यार्थ्यांना तिथे पहिला प्रवेश मिळाला १९६५ मध्ये, तोही दोन मुलींना. हे सगळं घडत होतं तेव्हा मॅकार्टीबाई त्याच गावात धुणं धूत होत्या.

१९९४ च्या अखेरीस संधिवाताने हात चालेनासे झाले आणि वयाच्या ८६ व्या वर्षी काम थांबलं. पैशांची वाटणी ठरवायला बँकेतल्या अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे दहा सेंटची दहा नाणी मांडली, एकेक नाणं म्हणजे बचतीचा दहावा हिस्सा. पहिलं नाणं चर्चचं, म्हणजे दशमांश, ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे चर्चला द्यायचा दहावा भाग. तीन नाणी तीन नातेवाइकांची. उरलेली सहा विद्यापीठाची. पूर्वी तिथे काळ्यांना जाऊ देत नसत, आता देतात, तर त्यांना ते मिळावं, असं त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला सांगितलं.