बीपी मोजताना ऐकू येणारा आवाज हृदयाचा नसतो

नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या कोणालाही विचारा, बीपी मोजताना स्टेथोस्कोपमधून काय ऐकू येतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: हृदयाचे ठोके. हे चूक आहे, आणि पडताळून पाहायला अर्धा मिनिट पुरतो. दंडाला कफ (बीपी यंत्राचा, हवा भरून फुगवायचा पट्टा) बांधा, पण हवा भरू नका. कोपराच्या खळग्यात, आतल्या बाजूला नाडी लागते तिथे स्टेथोस्कोप टेकवा. बोटाला नाडी लागते, कानाला मात्र काहीच ऐकू येत नाही.

मोकळ्या धमनीत रक्त थराथरांनी वाहतं, मधला थर वेगात, भिंतीलगतचा मंद. अशा प्रवाहाला आवाज नसतो. कफमधला दाब खूप वाढवला की धमनी पूर्ण चेपते, पलीकडे रक्त जातच नाही, म्हणून तेव्हाही शांतता. गंमत या दोन शांततांच्या मधे आहे. समजा दाब 120/80 आहे. हवा सोडत काटा 120च्या किंचित खाली आला की हृदयाच्या आकुंचनाच्या ऐन शिखरावर, क्षणभरच, धमनी उघडते. चिंचोळ्या फटीतून रक्त जोरात घुसतं, त्यात भोवरे होतात, भिंतीला हादरे बसतात. हाच पहिला ठोका, म्हणजे वरचा दाब. 100वर धमनी प्रत्येक ठोक्याला उघडते आणि मिटते. 80च्या खाली ती मिटतच नाही, प्रवाह पुन्हा सुरळीत होतो आणि आवाज थांबतो. तो खालचा दाब. रशियन सर्जन निकोलाय कोरोत्कोव यांनी ही पद्धत 1905 मध्ये मांडली. इटालियन डॉक्टर रिवा-रोची यांचा कफ 1896पासून होता, पण नाडी चाचपून त्यावर फक्त वरचा दाब कळायचा.

एवढं डोक्यात बसलं की प्रॅक्टिकलचे नियम घोकावे लागत नाहीत. हवा सेकंदाला 2 ते 3 मिमी (पाऱ्याचे मिलिमीटर, दाबाचं एकक) इतक्याच वेगाने सोडायची, कारण नाडी मिनिटाला 60 असेल तर सेकंदाला एकच ठोका मिळतो. काटा सेकंदाला 10 मिमी उतरला, तर वरचा दाब कमी नोंदला जातो आणि खालचा जास्त. कफमधल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के हवी. अरुंद कफचा दाब खोलवरच्या धमनीपर्यंत पुरता पोचत नाही, जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेमी खाली असेल तर रक्ताच्या स्तंभाचं वजन मिळून सुमारे 8 मिमी वाढतात.

खरी फसगत वेगळीच. दाब जास्त असलेल्या काही रुग्णांत आवाज मधेच नाहीसा होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. नेमक्या त्या आवाज नसलेल्या टप्प्यापर्यंतच हवा भरली, तर 190चा रुग्ण 150 म्हणून नोंदला जाईल. म्हणून आधी मनगटाची नाडी लागेनाशी होईल तो आकडा पाहायचा आणि त्याच्या 30 मिमी वरपर्यंत हवा भरायची.

घरचं डिजिटल यंत्र सहसा आवाज ऐकतच नाही. ते कफमधल्या दाबाची कंपनं मोजतं. कंपनं सर्वांत मोठी होतात तो साधारण सरासरी दाब, आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या सूत्राने काढलेला. नाडी अनियमित असेल तर ठोक्यागणिक कंपनं बदलतात आणि सूत्र गडबडतं. अशा रुग्णाचा दाब स्टेथोस्कोपनेच, पुन्हापुन्हा मोजून, सरासरी काढून लिहावा.