मॅगसेसे पुरस्कार : शासकीय सेवा विभाग

आशिया खंडात सरकारी सेवेत राहून लोकहिताचे असाधारण काम करणाऱ्या व्यक्तींना फिलिपाइन्समधील रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्रतिष्ठानातर्फे दिला जाणारा सन्मान. १९५८ ते २००८ या काळात तो मॅगसेसे पुरस्काराचा स्वतंत्र विभाग होता. ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ प्रतिष्ठानाने व्यापक धरला होता. कार्यकारी मंडळ, न्यायसंस्था, विधिमंडळ आणि लष्कर, सगळेच त्यात येत. म्हणून या विभागाच्या यादीत बँकेचा गव्हर्नर, शहराचा महापौर, सरन्यायाधीश, तुरुंग महानिरीक्षक आणि शाळांचा अधीक्षक शेजारी शेजारी दिसतात. अधिकारी सेवेत असावा की निवृत्त, नेमलेला असावा की निवडून आलेला, अशी अट नव्हती.

मराठी वाचकाचा इथे एक घोटाळा होतो. आपल्याकडे ‘लोकसेवा आयोग’ सरकारी अधिकारी निवडतो आणि ‘लोकसेवा’ हाच शब्द आश्रम चालवणाऱ्या समाजसेवकालाही लागतो. मॅगसेसे पुरस्कारात हे दोन विभाग वेगळे होते. सरकारबाहेरच्या नागरिकाने केलेली सेवा ‘लोकसेवा’ विभागात येई. बाबा आमटे (१९८५) आणि डॉ. बानू कोयाजी (१९९३) यांचा सन्मान त्या विभागातला. विनोबा भावे (१९५८), डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे (१९७९), पांडुरंगशास्त्री आठवले (१९९६) आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे (२००८) ‘समाज-नेतृत्व’ विभागातले. ‘शासकीय सेवा’ हा मान महाराष्ट्राच्या वाट्याला १९५९ मध्येच आला. त्याबद्दल पुढे सविस्तर.

ज्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो ते रॅमन मॅगसेसे (१९०७–१९५७) हे फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष. तरुणपणी त्यांनी मोटार दुरुस्तीचे काम केले, महायुद्धात जपान्यांविरुद्ध गनिमी लढा दिला, आणि पुढे संरक्षणमंत्री म्हणून हुक बंडखोरांचे कम्युनिस्ट बंड मोडून काढले. ३० डिसेंबर १९५३ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांनी पाश्चात्त्य पोशाखाऐवजी ‘बारोंग तागालोग’ हा देशी सदरा घातला आणि मलाकान्यांग राजवाड्याची दारे सर्वसामान्यांसाठी उघडली. सामान्य माणसाची तक्रार थेट वरपर्यंत पोचावी म्हणून त्यांनी पदावर येताच तक्रार निवारणाची खास यंत्रणा उभी केली. खेड्यातल्या शेतकऱ्याला अगदी थोड्या पैशांत तिच्याकडे तार करता येई. १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावरील मानुंगगाल डोंगरावर त्यांचे विमान कोसळले. विमानातील २६ जणांपैकी एक पत्रकार तेवढा वाचला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर ब्रदर्स फंडाच्या विश्वस्तांनी दिलेल्या निधीतून प्रतिष्ठान स्थापन झाले. मॅगसेसे यांच्या जन्मदिनी, ३१ ऑगस्टला, मनिला येथे पुरस्कार देण्याची प्रथा १९५८ मध्ये सुरू झाली. पुरस्कारात प्रशस्तिपत्र, मॅगसेसे यांची छबी कोरलेले पदक आणि रोख रक्कम असते.

या पुरस्कारासाठी अर्ज करता येत नाही. प्रतिष्ठान आशियाभरातील जाणत्या माणसांकडून गोपनीय शिफारशी मागवते, कामाची पडताळणी करते आणि निर्णय विश्वस्त मंडळ घेते. सरकारी नोकराच्या बाबतीत या रीतीला विशेष महत्त्व आहे, कारण त्याच्या कामाची एरवीची नोंद वरिष्ठच करतात. गोपनीय अहवालात वरिष्ठाने मारलेला शेरा बढती ठरवतो. मॅगसेसे पुरस्काराने हा शेरा खात्याच्या बाहेरच्या, आणि बहुतेक वेळा देशाबाहेरच्या, माणसांना लिहायला दिला. पुरस्काराचे खरे वजन मला यातच दिसते. ज्या अधिकाऱ्यावर त्याचेच सरकार नाराज आहे, त्याचाही गौरव त्यामुळे होऊ शकला.

१९५९ चा शासकीय सेवेचा पुरस्कार चिंतामण द्वारकानाथ देशमुख आणि फिलिपाइन्सचे होसे आगिलार यांना मिळून देण्यात आला. देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला आणि बालपण रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञान शिकून घेतले, १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत ते पहिले आले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांची नेमणूक झाली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होत.

त्या वर्षांतली एखादी जुनी नोट हातात घेऊन पाहावी. एका बाजूला इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजाचा चेहरा आहे आणि खाली सही कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या माणसाची, ‘सी. डी. देशमुख’. त्याच ब्रिटिश सरकारने त्यांना १९३७ मध्ये सीआयई आणि १९४४ मध्ये ‘सर’ हा किताब दिला होता. जागतिक बँकेचा पाया घालणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहत होती. एका बँकेचे दोन देशांत वाटप करायचे, तेही त्या धगीत, हा भार गव्हर्नर म्हणून त्यांच्यावर होता.

१९५० ते १९५६ या काळात ते केंद्रीय अर्थमंत्री होते. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली (१९५५) आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले (१९५६), ते याच कारकिर्दीत. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जानेवारी १९५६ मध्ये जाहीर झाला. निदर्शकांवर गोळीबार झाले. निर्णय घेण्याची रीत आणि गोळीबाराच्या चौकशीला दिलेला नकार हे दोन्ही देशमुखांना पटणारे नव्हते. त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत आपली भूमिका मांडली. आयुष्यभर नियमाच्या चौकटीत वावरलेल्या, संस्कृत श्लोक रचणाऱ्या आणि ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणाऱ्या या मितभाषी माणसाने सर्वोच्च पदावर पाणी सोडले, हे मराठी माणूस विसरलेला नाही. ते लगेच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि त्या पदावर असतानाच मनिलाहून पुरस्काराची बातमी आली. महाराष्ट्र राज्य त्यानंतर काही महिन्यांनी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह स्थापन झाले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले ते १९७५ मध्ये.

त्यांचे सहमानकरी आगिलार यांचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, पण घ्यायला हवे. ते इलोइलो प्रांतातील शाळांचे अधीक्षक होते. फिलिपाइन्समध्ये अमेरिकी अमदानीपासून पहिलीपासूनच इंग्रजीतून शिकवत. आगिलार यांनी १९४८ ते १९५४ या काळात काही शाळांत पहिली-दुसरीला हिलिगायनॉन या मुलांच्या मातृभाषेतून शिकवून पाहिले, आणि शेजारी इंग्रजीतून शिकणारे वर्ग तुलनेसाठी ठेवले. मातृभाषेतून शिकणारी मुले वाचनात आणि गणितात पुढे निघाली. एका जिल्हा पातळीवरच्या शिक्षणाधिकाऱ्याला आणि एका माजी अर्थमंत्र्याला एकाच वर्षी, एकाच विभागात, सारखा मान मिळाला होता.

१९६३ चे मानकरी अख्तर हमीद खान हेही आयसीएस अधिकारी. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाने हादरून त्यांनी १९४५ मध्ये ती नोकरी सोडली आणि अलीगढजवळच्या गावात मजुरी केली, कुलपे दुरुस्त केली. पुढे तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील कोमिल्ला येथे ग्रामविकास अकादमी उभारून त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचा नमुना घालून दिला. १९६५ चे मानकरी पुए उंगफाकॉर्न हे १९५९ ते १९७१ अशी १२ वर्षे थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. लष्करी राजवटीत राहून बँक स्वच्छ ठेवणाऱ्या या अधिकाऱ्याला ऑक्टोबर १९७६ मध्ये बँकॉकला झालेल्या विद्यार्थ्यांच्या हत्याकांडानंतर देश सोडावा लागला आणि १९९९ मध्ये परदेशातच त्यांचा मृत्यू झाला. जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकीन (१९७१), सिंगापूरचे माजी अर्थमंत्री गोह केंग स्वी (१९७२) आणि फिलिपाइन्समधील नागा शहराचे महापौर जेसी रोब्रेडो (२०००) हेही याच विभागातले. रोब्रेडो २०१२ मध्ये मंत्रिपदावर असताना विमान अपघातातच गेले.

देशमुखांनंतर भारताला हा मान मिळायला १९९४ साल उजाडले. त्या वर्षी दिल्लीच्या तिहार तुरुंगाच्या महानिरीक्षक किरण बेदी यांची निवड झाली. तिहारमध्ये त्यांनी केलेल्या बदलांपैकी एकाचे मूळ नाशिक जिल्ह्यात आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवरून सत्यनारायण गोएंका जी विपश्यना शिकवत, तिचे शिबिर त्यांनी एप्रिल १९९४ मध्ये तुरुंगात हजारावर कैद्यांसाठी घेतले. १९९६ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन आणि २००३ मध्ये त्याच पदावरील जे. एम. लिंगडोह यांना पुरस्कार मिळाला. शेषन यांनी कायदा नवा आणला नाही. आचारसंहिता आधीपासून कागदावर होती, ती त्यांनी पाळायला लावली आणि मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला. लिंगडोह यांच्या काळात, २००२ मध्ये, जम्मू-काश्मीर आणि गुजरात येथील कसोटी पाहणाऱ्या निवडणुका झाल्या.

सेवेतल्या अधिकाऱ्याचा गौरव ही भारतात नाजूक बाब आहे. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ प्रमाणे अधिकाऱ्याला सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र घेता येत नाही किंवा आपल्या सन्मानार्थ भरलेल्या सभेला जाता येत नाही. बदलीच्या किंवा निवृत्तीच्या वेळचा खासगी, घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ या नियमातून सुटतो. कार्यालयातल्या चार सहकाऱ्यांनी चहाबरोबर दिलेली शाल आणि श्रीफळ त्यामुळे चालते. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सेवेतील सरकारी कर्मचारी पद्म पुरस्कारांनाही पात्र नसतात. २१ एप्रिलच्या नागरी सेवा दिनी दिले जाणारे पंतप्रधान पुरस्कार किंवा महाराष्ट्रातील राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियानाची बक्षिसे एखाद्या जिल्ह्याच्या, योजनेच्या किंवा उपक्रमाच्या यशासाठी असतात. ३० वर्षे प्रत्येक फायलीवर खरे तेच लिहिणाऱ्या माणसाची कारकीर्द त्यांत मावत नाही. ही उणीव खरी आहे आणि ती भरून निघायला हवी.

पुरस्कारावर आक्षेपही आहेत. मूळ निधी अमेरिकी, काळ शीतयुद्धाचा आणि नाव कम्युनिस्ट बंड मोडणाऱ्या नेत्याचे, हा डाव्यांचा जुना मुद्दा. केरळच्या माजी आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांनी २०२२ मध्ये पुरस्कार नाकारला, तेव्हा तो पुन्हा पुढे आला. त्यांनी दिलेले दुसरे कारण मात्र जास्त विचार करण्यासारखे आहे. आरोग्य खात्याचे काम सगळ्यांनी मिळून केलेले असते, ते एकट्याच्या नावावर लावणे त्यांना योग्य वाटले नाही.

२००९ पासून प्रतिष्ठानाने ‘उदयोन्मुख नेतृत्व’ वगळता ठरावीक विभाग बंद केले. सरकारी कामाचा गौरव मात्र थांबला नाही. इंडोनेशियाच्या भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाला २०१३ मध्ये संस्था म्हणून पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये फिलिपाइन्सच्या लोकपाल कोन्चिता कार्पिओ-मोरालेस यांना. २०१५ मध्ये भारतीय वन सेवेतील संजीव चतुर्वेदी यांची निवड झाली, ती उदयोन्मुख नेतृत्वाच्या विभागात.

देशमुखांचे २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे निधन झाले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी मुलांसाठी ठाणे महापालिका जी प्रशासकीय प्रशिक्षण संस्था चालवते, तिला चिंतामणराव देशमुखांचे नाव दिलेले आहे.