दारातून परतलेल्यांचा हिशेब

जून 2024 मध्ये लेनाकापाविर या एचआयव्ही-प्रतिबंधक औषधाची बातमी जगभर झळकली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील 16 ते 25 वर्षे वयाच्या 5,338 मुली आणि तरुणी 'पर्पज 1' या चाचणीत सहभागी झाल्या होत्या. त्यांपैकी 2,134 जणींना वर्षातून दोनदा या औषधाचे इंजेक्शन मिळाले आणि त्यांच्यातील एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. बहुतेक बातम्या 'शंभर टक्के यश' एवढे सांगून थांबल्या. त्यानंतर काही दिवसांनी एका व्याख्यानाच्या शेवटी एका गृहस्थांनी मला विचारले, "म्हणजे निरोगी मुलींना मुद्दाम विषाणू टोचला असणार, नाहीतर औषध चालले हे कळणार कसे?"

विषाणू कोणालाही टोचत नाहीत. अशा चाचण्यांत प्रत्येक सहभागीला कंडोम, समुपदेशन आणि इतर गुप्तरोगांवरील उपचार दिले जातात, म्हणजे लागण टाळण्याचाच प्रयत्न केला जातो. तरीही त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा उत्तरार्ध अगदी रास्त होता. कोणालाच लागण झाली नसेल, तर ती औषधामुळे टळली की मुळात होणारच नव्हती, हे कशावरून ठरवायचे? याचे उत्तर, माझ्या मते या संशोधनातील सर्वांत सुंदर कल्पना, सहभागींची निवड करताना दारातच दडलेली आहे.

आधी दोन जुन्या चाचण्या शेजारी ठेवून पाहू. थायलंडमधील 'आरव्ही 144' या लसचाचणीत 18 ते 30 वर्षे वयाचे 16,402 स्वयंसेवक होते. सुमारे साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात लस घेतलेल्यांपैकी 51 आणि प्लासिबो, म्हणजे औषधविरहित टोचणी, घेतलेल्यांपैकी 74 जणांना लागण झाली. दक्षिण आफ्रिकेतील 'कॅप्रिसा 004' या चाचणीत अवघ्या 889 स्त्रिया होत्या. तेथे टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाचे जेल वापरणाऱ्या गटात 38 आणि प्लासिबो गटात 60 जणींना लागण झाली. सहभागींची संख्या अठरापट कमी असूनही दुसऱ्या चाचणीचा पुरावा पहिलीपेक्षा कच्चा नव्हता, कारण संख्याशास्त्राला माणसे मोजायची नसतात, घटना मोजायच्या असतात. नाणे 125 वेळा उडवले तर 74 विरुद्ध 51 इतकी किंवा याहून मोठी तफावत शंभरात चार-पाच वेळा निव्वळ योगायोगानेही पडते; त्या 125 घटना सोळा हजारांतून आल्या की आठशेंतून, याने त्या हिशेबात काही फरक पडत नाही. म्हणूनच ज्यांना लागण होण्याची शक्यता खरोखर जास्त आहे अशा तरुणांपर्यंत पोहोचणे ही संशोधकांची पहिली गरज असते.

येथे 'जोखीम' हा शब्द जपून वापरायला हवा. तो कोणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. एखादी व्यक्ती कशी वागते याबरोबरच तिच्या जोडीदारांच्या वर्तुळात विषाणू किती पसरला आहे, यावर जोखीम ठरते. एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ असलेली तरुणीही मोठ्या जोखमीत असू शकते. आफ्रिकेतील 'व्हॉइस' चाचणीच्या माहितीवरून संशोधकांनी जोखमीचे एक गुणपत्रक तयार केले. त्यात वय 25 पेक्षा कमी असणे, जोडीदाराबरोबर राहत नसणे, त्याचा आर्थिक आधार नसणे आणि त्याचे इतरत्र संबंध असणे किंवा त्याविषयी खात्री नसणे, अशा बाबी होत्या. यांतील निम्म्या गोष्टी त्या मुलीच्या हातातच नाहीत. अडचण अशी की ज्यांची जोखीम जास्त, त्यांना ती जाणवतेच असे नाही. प्रतिबंधक गोळीच्या, 2011 मध्ये थांबवाव्या लागलेल्या 'फेम-प्रेप' चाचणीत सुमारे 70 टक्के स्त्रियांना आपल्याला धोका फार थोडा किंवा अजिबात नाही असे वाटत होते. ज्याला धोकाच वाटत नाही तो रक्त द्यायला आणि दरमहा फेऱ्या मारायला का येईल? अमेरिकेत 15 ते 17 वर्षे वयाच्या मुलांसाठी प्रतिबंधक गोळीचा एक अभ्यास झाला, तेव्हा 2,864 जणांशी संपर्क साधल्यावर 260 पात्र ठरले आणि प्रत्यक्षात 78 दाखल झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लागण टाळणाऱ्या परिणामकारक गोळ्या उपलब्ध झाल्यानंतर कोणालाही नुसता प्लासिबो देणे नैतिकदृष्ट्या अयोग्य ठरते. 'पर्पज 1' मध्ये सर्व मुलींना इंजेक्शनही मिळाले आणि गोळ्याही; फक्त एकातच खरे औषध होते. संरक्षणाशिवाय ठेवलेला गटच नसेल, तर 'औषध नसते तर किती जणींना लागण झाली असती' हा आकडा आणायचा कोठून?

तो दारात मिळतो. चाचणीत घेण्यापूर्वी प्रत्येकीची एचआयव्ही तपासणी होते. ज्यांना लागण आधीच झाली आहे त्यांना चाचणीत घेता येत नाही; त्यांना उपचारांकडे पाठवले जाते. पण त्यांच्या रक्ताचा नमुना आणखी एक गोष्ट सांगू शकतो: लागण जुनी आहे की गेल्या काही महिन्यांतली.

हे कसे कळते ते पाहण्यासारखे आहे. विषाणू शरीरात शिरल्यावर तयार होणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, सुरुवातीला ओबडधोबड असतात आणि विषाणूच्या प्रथिनाला सैलसर चिकटतात. पुढे लसिकाग्रंथींमध्ये त्यांना जन्म देणाऱ्या पेशींची चाळण होत राहते. ज्यांची पकड घट्ट त्या टिकतात, बाकीच्या मागे पडतात. महिन्यामहिन्याने पकड सुधारत जाते. प्रयोगशाळेत एका थाळीवर विषाणूचे प्रथिन मुद्दाम विरळ पसरतात. प्रतिपिंडाला दोन हात असतात, पण प्रथिनाचे रेणू इतके दूरदूर असतात की दोन्ही हातांनी धरायला काही सापडत नाही. एका हाताने लोंबकळावे लागते. मग त्यावर आम्ल द्रावण ओततात. नवशिकी प्रतिपिंडे सुटून वाहून जातात, मुरलेली धरून राहतात. थाळीवर फारसे काही उरले नाही तर लागण ताजी.

आता थोडा हिशेब. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. दारात 10,000 तरुणी आल्या, 400 जणींना लागण झालेली निघाली आणि त्यांपैकी 80 जणींची ताजी. एखादी लागण या कसोटीवर सरासरी चार महिने, म्हणजे एक तृतीयांश वर्ष, 'ताजी' दिसते असे धरू. लागण नसलेल्या 9,600 जणींनी धोक्याखाली काढलेली एक तृतीयांश वर्षे म्हणजे 3,200 व्यक्तिवर्षे (एका व्यक्तीचे एक वर्ष म्हणजे एक व्यक्तिवर्ष). त्यांत 80 नव्या लागणी, म्हणजे दर 100 व्यक्तिवर्षांमागे 2.5. एकाही मुलीला वर्षभर असुरक्षित न ठेवता वर्षाचा दर हाती आला.

यात खाचखळगे आहेतच. उपचार घेत असलेल्यांच्या रक्तात विषाणू दबलेला असल्याने प्रतिपिंडांची पकडही ढिली दिसू शकते आणि दहा वर्षांपूर्वीची लागण ताजी भासते. म्हणून रक्तातील विषाणूंची संख्याही तपासावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दारात कोण येते, यावर सारा हिशेब उभा असतो. दर महिन्याला तपासणी करून घेणाऱ्या मुलींना नवी लागण लगेच कळते, त्या उपचारांकडे वळतात आणि अशा चाचणीच्या दारात फिरकतच नाहीत. म्हणून आपली स्थिती ठाऊक नसलेल्या आणि आधीच्या तीन महिन्यांत तपासणी न केलेल्या मुलीच 'पर्पज 1' मध्ये घेतल्या गेल्या. कार्यालयीन वाटणारी ही अट खरे तर मोजपट्टीचाच भाग होती.

त्या दारात आलेल्या 8,094 जणींवरून पार्श्वभूमीचा दर 100 व्यक्तिवर्षांमागे 2.41 निघाला. या आकड्याशेजारी ठेवल्यावरच त्या शून्याला अर्थ येतो. रोज गोळी घ्यायची होती त्या दोन गटांत 1,068 पैकी 16 आणि 2,136 पैकी 39 जणींना लागण झाली, कारण बहुतेकींकडून गोळ्या नियमित घेतल्या गेल्या नाहीत. 'व्हॉइस' चाचणीत हेच घडले होते: सहभागींच्या सांगण्यावरून आणि परत आलेल्या गोळ्या मोजून 90 टक्के पालन दिसत होते, रक्तात औषध मात्र जेमतेम पंचवीस ते तीस टक्के नमुन्यांत सापडले. 'शंभर टक्के' म्हणणाऱ्यांसाठी हेही नोंदवतो की, पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींचा समावेश असलेल्या 'पर्पज 2' मध्ये इंजेक्शन घेणाऱ्या 2,179 पैकी दोघांना लागण झाली. आणि 'आमचा काढा घेणाऱ्या एकालाही एड्स झाला नाही' अशा जाहिराती करणाऱ्या वैदूंना एवढेच विचारावे की, काढा न घेणाऱ्या तशाच लोकांपैकी किती जणांना झाला?

जून 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेनाकापाविरला प्रतिबंधासाठी मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. नव्या औषधांची चाचणी घेणाऱ्यांची अडचण मात्र आता वाढणार आहे. दीर्घकाळ टिकणारे प्रतिबंधक इंजेक्शन शरीरात असताना लागण झालीच, तर विषाणू इतका दबून राहतो की प्रतिपिंडे फार उशिरा आणि हळूहळू तयार होतात. कॅबोटेग्राविर या अशाच एका औषधाच्या बाबतीत हे दिसून आले आहे. अशा व्यक्तीचे रक्त त्या थाळीवर ठेवले तर महिनोन्‌महिने जुनी लागणही कालपरवाची वाटेल. त्यामुळे पुढच्या चाचण्यांच्या दारात प्रत्येक तरुणाला आणखी एक प्रश्न विचारावा लागणार: यापूर्वी असे इंजेक्शन घेतले होते का, आणि शेवटचे केव्हा?