वासरांचे दूध तोडणे

बाटलीवर किंवा बादलीवर वाढवलेल्या वासराचे दूध क्रमाने बंद करून त्याला खुराक (दाण्याचे खाद्य), वैरण व पाणी यांवर आणणे.

मराठी ‘वासरू’ हा शब्द ‘वत्सरूप’ यापासून आला. दूध तुटलेल्या वासराला संस्कृतात ‘वत्सतर’ म्हणतात. ‘तर’ हा प्रत्यय एरवी आधिक्य दाखवतो; पाणिनी (सु. इ. स. पू. पाचवे–चौथे शतक) मात्र वत्स, उक्षन्, अश्व व ऋषभ या चार शब्दांपुढे त्याचा अर्थ ‘तनुत्व’, म्हणजे उणेपणा, असा देतो (अष्टाध्यायी ५.३.९१). काशिकावृत्ती या अष्टाध्यायीवरील टीकेप्रमाणे येथे उणे होते ते वासरपण : पहिले वय सरून दुसरे लागते. अमरकोश ‘वत्सतर’ व ‘दम्य’ (वळण लावण्याजोगा गोऱ्हा) यांना समानार्थी मानतो. पुढील कोशांत दोन्ही अर्थ आढळतात. सूत्राशी ‘दूध तुटलेले वासरू’ हा अधिक जुळतो.

जन्मतः वासराच्या पोटाचा चौथा कप्पा सर्वांत मोठा असतो, कोठीपोट (पहिला कप्पा) लहान व निष्क्रिय असते. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटून तिची नळी बनते आणि दूध कोठीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते. प्यालेले पाणी व चावलेला दाणा मात्र कोठीपोटात पडतात. म्हणूनच दूध भरपूर असले तरी वेगळे पाणी ठेवावे लागते. गोठ्यात नेमके हेच राहून जाते.

कोठीपोट वाढते कशाने, हा प्रश्न १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात तपासला गेला. कोठीपोटात प्लॅस्टिकचे स्पंज घातले तेव्हा आकार व स्नायू वाढले, पण अन्नरस शोषणारे अंकुर वाढले नाहीत. ब्युटिरिक व प्रोपिऑनिक आम्लांच्या क्षारांनी ते वाढले. ही आम्ले दाणा आंबताना विपुल तयार होतात. त्यामुळे खुराक आधी, वैरण मागून, असा क्रम रूढ झाला. वैरण अजिबात न देण्याचा आग्रह अलीकडे सैल झाला आहे. थोडे बारीक कापलेले वाळके गवत देणे बरे, असे दिसते.

खुराक पहिल्या आठवड्यापासून समोर ठेवतात. दूध साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास तोडतात, परंतु वयापेक्षा खाणे पाहणे अधिक विश्वसनीय : मोठ्या जातीचे वासरू सलग तीन दिवस रोज सुमारे १ किग्रॅ. खुराक खाऊ लागले की ते तयार समजतात. त्यापूर्वी आठवडा-दोन आठवडे दूध घटवत नेतात. शिंगे जाळणे किंवा गोठा बदलणे याच दिवसांत करत नाहीत.

महाराष्ट्रात देशी गाई व म्हशी बहुधा वासराशिवाय पान्हा सोडत नाहीत. त्यामुळे जनावर आटेपर्यंत वासरू कासेला लावण्याची रीत होती आणि दूध आपोआप तुटे. बाटली-बादलीचा प्रसार मुख्यतः संकरित गाईंबरोबर झाला; त्या कामात उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘बाएफ’ या संस्थेचा वाटा मोठा आहे. पारडांनाही हीच तत्त्वे लागू पडतात.