गुरांच्या औषधांचं दुकान: परवाना, कागदपत्रं आणि चिठ्ठी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी, चिकोडी, खानापूर भागात पशुखाद्याचं दुकान बहुतेक मोठ्या गावात सापडतं. पेंड, भुसा, मिनरल मिक्स्चर विकता विकता गिऱ्हाईक विचारतं, "दगडीवरचं (कासेच्या सुजेवरचं) इंजेक्शन ठेवता का?" दुकानदाराला वाटतं, जनावराचंच औषध, त्याला कसला परवाना? पण गुरांच्या औषधांसाठी वेगळा, सोपा परवाना कायद्यात नाहीच. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम माणसांच्या मेडिकलला लागू, तेच इथंही. विनापरवाना विक्रीला किमान ३ वर्षं कैद आणि किमान १ लाख रुपये दंड आहे. मिनरल मिक्स्चर पशुखाद्यात मोडतं, इंजेक्शन औषधच.

किरकोळ विक्रीसाठी नमुना १९ मध्ये औषध नियंत्रण खात्याकडे अर्ज करायचा. परवाना मिळतो तो नमुना २० आणि २१ मध्ये. लस, सीरम आणि अँटिबायोटिक इंजेक्शनं २१ मध्ये येतात, त्यामुळे दोन्ही एकदमच मागावेत. फी प्रत्येकी १५०० रुपये. परवाना एकदा मिळाला की दर ५ वर्षांनी मुदतीत फी भरून चालू ठेवायचा असतो.

जागा किमान १० चौरस मीटर हवी. पेंडीच्या पोत्यांमागचा कोपरा चालत नाही. लस ठेवणार असाल तर फ्रिज लागतोच. जागेचा नकाशा, भाडेकरार किंवा मालकीचा कागद, मालकाचं ओळखपत्र, फार्मासिस्टचं नोंदणीपत्र आणि त्याचं संमतीपत्र एवढं आधी गोळा करा. गावठाणातली जागा असेल तर ई-स्वत्तूचा (कर्नाटकातल्या ग्रामपंचायत मिळकतींची ऑनलाइन नोंद) ९ आणि ११ नंबरचा उतारा लागतो. आपल्याकडची अडचण इथंच येते: शाळेचा दाखला मराठी, उतारा कन्नड, आधार इंग्रजी, आणि तिन्हीकडं आडनाव वेगवेगळं. अर्जाआधी ते एकसारखं करून घेतलेलं बरं.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे फार्मासिस्ट. सीमाभागातली बरीच पोरं कोल्हापूर, गडहिंग्लजला डी. फार्म. करतात आणि तिकडंच नोंदणी करतात. दुकान कर्नाटकात असेल तर नाव कर्नाटकाच्या फार्मसी कौन्सिलकडं आणावं लागतं. नुसतं प्रमाणपत्र भिंतीला लावून माणूस दुसऱ्याच गावात नोकरीला, हा प्रकार तपासणीत टिकत नाही. काही जण मग घाऊकचा परवाना काढतात, नमुना २०ब आणि २१ब. त्याला फार्मासिस्ट नसला तरी चालतो. दहावी पास आणि औषध व्यवसायातला ४ वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि १ वर्षाचा अनुभव पुरतो. मात्र त्यावर थेट शेतकऱ्याला बाटली विकता येत नाही, माल परवानाधारक दुकानदाराला, दवाखान्याला किंवा डॉक्टरालाच द्यायचा. ही पळवाट मला तरी धोक्याचीच वाटते.

डॉक्टर कोण? पशुवैद्य परिषदेत नोंदणी असलेलाच. १९८४ च्या कायद्यानं उपचार करण्याचा हक्क त्यालाच दिलाय. डिप्लोमाधारकांना सरकारनं ठरवलेल्या किरकोळ सेवा करता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या तपासणीतल्या जनावराला औषध देऊ शकतो, पण उघडं दुकान मांडता येत नाही.

नियमांतल्या शेड्यूल एच या यादीतलं औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, जनावराच्या मालकाचं नाव-पत्ता, औषधाचं एकूण प्रमाण आणि मात्रा हवी. डॉक्टरनं तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच. सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकसारखी औषधं शेड्यूल एच-१ या आणखी कडक यादीत येतात. त्यांची वेगळी नोंदवही ठेवायची आणि ३ वर्षं जपायची. पान्ह्यासाठी मागितलं जाणारं ऑक्सिटोसिनही एचमध्येच. गाईला अपाय होईल असं दूध वाढवण्याचं इंजेक्शन टोचणं हा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

डायक्लोफिनॅक हे दुखण्या-सुजेवरचं औषध जनावरांसाठी बंद आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली म्हणून. मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जाऊ नयेत म्हणून माणसांसाठीचं इंजेक्शनही २०१५ पासून ३ मिलीपर्यंतच येतं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. तापाला किंवा सुजेला मेलॉक्सिकॅम मिळतं, तेही चिठ्ठीवर.

गुरांचा माल वेगळ्या कपाटात ठेवायचा. त्याच्या लेबलवर जनावराच्या डोक्याचं चिन्ह आणि "माणसांसाठी नाही" अशी सूचना असते. औषध दिल्यावर दूध किती दिवस काढून टाकायचं तेही तिथंच लिहिलेलं असतं. त्या औषधासाठी तो काळ तपासून ठरवलेला नसेल तर दूध-अंड्यांना किमान ७ दिवस आणि मांसाला २८ दिवस. डेअरीला दूध घालणाऱ्या गिऱ्हाइकाला बिल देतानाच हा आकडा तोंडी सांगा.