टाके घातल्यानंतर सुटणारा पडदा

डोळ्याला खोल जखम झाली, त्याच दिवशी टाके घालून ती बंद केली आणि तीन आठवड्यांनी त्याच डोळ्यासमोर एका बाजूने काळी सावली चढू लागली, तर नातेवाइकांचा पहिला संशय टाके घालणाऱ्या डॉक्टरवर जातो. हा संशय बहुधा अनाठायी असतो. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयात भित्ती फाटलेल्या ८९३ डोळ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे २९ टक्के डोळ्यांत दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा, सुटल्याचे आढळले. त्यांपैकी २७ टक्क्यांत ते पहिल्या २४ तासांतच सुटले होते, तर जवळपास तेवढ्याच डोळ्यांत महिना उलटून गेल्यावर.

मधल्या काळात डोळ्याच्या आत जे घडते, ते विलक्षण आहे. दृष्टिपटल हा सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा पडदा भिंतीला गोंदाने चिकटवल्यासारखा बसलेला नसतो. त्याच्यामागचा रंजक पेशींचा थर दोहोंमधले पाणी सतत शोषून घेतो, हे तो जागेवर राहण्याचे एक मोठे कारण. डोळ्याची पोकळी भरणारा काचाभ द्रव, म्हणजे व्हिट्रियस, जवळपास सगळा पाणीच असला, तरी त्यात कोलॅजन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म धागे असतात आणि पुढच्या कडेला ते दृष्टिपटलाशी घट्ट जखडलेले असतात. जखमेतून हा द्रव बाहेर आला की त्याचे धागे तिथेच अडकतात. जखम भरू लागते तेव्हा व्रण तयार करणाऱ्या पेशी, वेलीने दोरीवरून चढावे तशा, याच धाग्यांवरून आत शिरतात, आणि साकळलेले रक्त त्यांच्या वाढीला चेतवते. या पेशी आकुंचन पावतात. त्वचेवरची जखम आवळून लहान करणारे हेच बळ डोळ्यात मात्र पडद्याला ओढत राहते आणि अखेर तो फाटतो किंवा भिंतीपासून उचलला जातो. फाटलेल्या जागेतून रंजक पेशीही बाहेर पडतात, आपले मूळ रूप सोडून पडद्यावर आकुंचन पावणारी साय धरतात, आणि शस्त्रक्रियेने बसवलेला पडदाही त्यामुळे पुन्हा सुटू शकतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने हे सारे निःशब्द चालते.

हे समजले की भाकिताचे ठोकताळे आपोआप उलगडतात. याच रुग्णालयातील संशोधकांनी पडदा सुटण्याचा धोका मोजण्यासाठी तीन गोष्टी निवडल्या: पहिल्या तपासणीतील दृष्टी, काचाभ द्रवातील रक्तस्राव आणि जखमेची जागा. बुबुळापुढच्या पारदर्शक पारपटलापुरती (कॉर्निया) जखम पहिल्या विभागात मोडते, त्याच्या कडेपासून पाच मिलिमीटरपर्यंतची दुसऱ्या आणि त्याहून मागे गेलेली तिसऱ्या. मागची जखम थेट दृष्टिपटलाच्या प्रदेशात असते, म्हणून तिचा धोका सर्वांत मोठा.

अखेरीस दृष्टी किती उरेल, यासाठी २००२ साली मांडलेली निराळी गुणपद्धती आहे. समोर हललेला हात तेवढा कळत असेल तर ७० गुण. बोथट आघाताने डोळा फुटला असेल तर २३ वजा. दुसऱ्या डोळ्याच्या तुलनेत या डोळ्यावर प्रकाश टाकल्यावर बाहुल्या कमी आकसत असतील तर आणखी १० वजा. उरलेले ३७ गुण सर्वांत खालच्या गटात पडतात, जिथे सुमारे तीन चतुर्थांश डोळ्यांना शेवटी उजेडही कळत नाही. सर्वांत वरच्या गटात मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक डोळे तक्त्यावरची ६/१२ ची ओळ किंवा त्याहून बारीक अक्षरे वाचू शकतात. धारदार पात्याने चिरलेल्या डोळ्यापेक्षा ठोशाने फुटलेला डोळा वाईट, हे अनेकांना पटत नाही. पण फुटताना आतला दाब वाढून डोळ्यातील ऊतीच बाहेर फेकल्या जातात.

हे आकडे समूहाचे आहेत, एका माणसाचे विधिलिखित नव्हेत, आणि म्हणूनच ‘डोळा वाचणे नशिबावर’ असे म्हणून पुढच्या तपासण्या टाळणे मला घातक वाटते. रक्तामुळे आतले दिसत नसेल तर सोनोग्राफीने पडदा तपासता येतो, आणि नव्या चमका, तरंगणारे ठिपके किंवा सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. थेंब घालून सुटलेला पडदा चिकटवण्याच्या जाहिराती निखालस खोट्या आहेत. ब्रिटनमधील चाचणीत तर अशा जखमी डोळ्यांवरील शस्त्रक्रियेच्या वेळी ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड डोळ्याच्या आत आणि भोवती देऊन पाहिले, तरी त्याने दृष्टीत फायदा झाला नाही.