शरद हंगामाचे हवामान पूर्वानुमान (आयोवा आणि कॉर्न बेल्ट)

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील मका-सोयाबीन पट्ट्यात (कॉर्न बेल्ट) सप्टेंबर ते नोव्हेंबर या तिमाहीत तापमान आणि पाऊस सरासरीच्या तुलनेत कसे राहण्याची शक्यता आहे, हे सांगणारा दीर्घ पल्ल्याचा अंदाज. आयोवा आणि इलिनॉय ही या पट्ट्याची गाभ्याची राज्ये. इंडियाना, दक्षिण मिनेसोटा आणि पूर्व नेब्रास्काही त्यातच मोडतात. इथे मका-सोयाबीनचे वर्षाला एकच पीक निघते. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत होते आणि काढणी सप्टेंबरपासून सुरू होते. वर्षभराची कमाई या थोड्या आठवड्यांत शेतातून बाहेर काढायची असल्याने हा अंदाज शेतकरी, धान्य साठवणारे आणि गॅस पुरवठादार सगळेच पाहतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर (कॉलेज पार्क, मेरिलँड) दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी तिमाही नकाशे प्रसिद्ध करते. शरद तिमाहीचा अखेरचा नकाशा ऑगस्टच्या मध्याला येतो. 1991 ते 2020 या तीस वर्षांच्या नोंदी चढत्या क्रमाने लावून त्यांचे तीन समान भाग करतात: सरासरीहून कमी, सरासरीच्या आसपास आणि सरासरीहून जास्त. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक भागाची शक्यता 33 टक्के धरायची. आयोवावर ‘जास्त तापमान, 40 टक्के’ असा रंग असेल, तर उष्ण शरदाची शक्यता 33 वरून 40 वर गेली आणि थंड शरदाची साधारण 27 वर आली, एवढाच त्याचा अर्थ. थंडी पडणारच नाही असे त्यातून कोणी समजू नये. नकाशावरचा पांढरा भाग ‘सरासरी हवामान’ दाखवत नाही. तिथे तिन्ही शक्यता सारख्याच असल्याचे तो सांगतो. सर्वाधिक गैरसमज या पांढऱ्या भागाबद्दलच होतात. भारतीय हवामान विभागाचे मान्सूनचे संभाव्यता नकाशेही याच रीतीने वाचायचे असतात.

पावसाच्या नकाशात हा पट्टा बऱ्याचदा पांढराच राहतो. एल निनो आणि ला निना (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे किंवा गार होणे) यांचा प्रभाव अमेरिकेत हिवाळ्यात ठळक होतो, शरदात मात्र कॉर्न बेल्टवर तो क्षीण आणि विस्कळीत असतो. तापमानाचा अंदाज त्या मानाने बरा उतरतो, पण त्यामागे मुख्यतः गेल्या काही दशकांतील तापमानवाढीचा कल असतो.

शेतकऱ्याला मात्र तिमाहीच्या सरासरीपेक्षा ठरावीक रात्रीची चिंता असते. उत्तर आयोवात पारा शून्याखाली जाणारी पहिली रात्र साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते, आग्नेय भागात ऑक्टोबरच्या मध्याला. उणे 2 अंशांच्या आसपास काही तास गेले की मक्याचे झाड मरते. दाण्याच्या बुडाशी काळा थर धरलेला असेल, तर दाणा पक्व झालेला असतो आणि या थंडीने त्याच्या वजनाला धक्का लागत नाही. त्याआधीच झाड मेले तर दाणा हलका राहतो. तिमाही सरासरीने उबदार ठरली तरी तिच्यात अशी एक रात्र येऊन जाऊ शकते. म्हणून ऑगस्टच्या नकाशावर न थांबता 6 ते 10 आणि 8 ते 14 दिवसांचे रोज निघणारे अंदाज पाहावेच लागतात.

पक्व दाण्यात 30 ते 35 टक्के ओलावा असतो, साठवणीला तो 15 टक्क्यांवर यावा लागतो. सप्टेंबरच्या उन्हात उभ्या पिकातला ओलावा दिवसाला अर्धा ते एक टक्का उतरतो, ऑक्टोबरअखेर हा वेग खूपच मंदावतो आणि नोव्हेंबरात जवळजवळ थांबतो. उरलेला ओलावा प्रोपेन गॅसवर चालणाऱ्या ड्रायरने काढायचा. एका बुशेलमधला (मक्याचे सुमारे 25 किलो) एक टक्का ओलावा काढायला सुमारे 0.02 गॅलन प्रोपेन जळते. एकरी 200 बुशेलचे पीक 25 टक्क्यांवर कापले, तर एकरी 40 गॅलन, म्हणजे सुमारे 150 लिटर. शरदाच्या अंदाजाचा सर्वांत रोकडा उपयोग इथेच आहे: प्रोपेन उन्हाळ्यातच किती बांधून ठेवायचे, हे त्यावरून ठरवता येते.

2009 चा ऑक्टोबर अमेरिकेत तोपर्यंतच्या नोंदींतला सर्वांत ओला ठरला, शिवाय थंडही होता. शेताला वाफसाच येईना, आणि मक्याची काढणी डिसेंबरपर्यंत रेंगाळली. 2019 मध्ये दुखणे वसंतातच सुरू झाले होते. अतिवृष्टीने पेरणी लांबली, पीक उशिरा तयार झाले आणि शरदही ओला गेला. सगळ्यांचे ड्रायर एकाच वेळी धडधडू लागले आणि प्रोपेनचा तुटवडा पडला. आयोवासह काही राज्यांनी प्रोपेन वाहणाऱ्या ट्रकचालकांच्या कामाच्या तासांची मर्यादा तात्पुरती शिथिल केली. पेरणी कधी झाली हे बाजूला ठेवून शरदाचा नकाशा वाचणे किती अपुरे आहे, हे 2019 ने दाखवले.

कोरडा, उबदार शरद काढणीला उत्तम, पण तो निखळ लाभाचा नसतो. पुढच्या हंगामासाठी जमिनीत मुरणारे पाणी याच काळात साठते, ते कोरड्या शरदात कमी पडते. शरद उबदार असला की निर्जल अमोनिया (जमिनीत सोडायचे नत्राचे खत) देणाऱ्यांनाही थांबावे लागते. चार इंच खोलीवर माती 10 अंश सेल्सिअसखाली जाऊन आणखी गार होत असेल तेव्हाच तो द्यावा, अशी शिफारस आहे, नाहीतर नत्र नायट्रेट होऊन निचऱ्यावाटे वाहून जाते. तिसरी अडचण नदीची. निर्यातीच्या धान्याचा मोठा भाग मिसिसिपी नदीतून बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू नौकेने) खाली जातो. ऑक्टोबर 2022 मध्ये मेम्फिसजवळ नदीच्या पाणीपातळीने नीचांक गाठला, पुढच्याच वर्षी तोही मोडला. बार्ज कमी भरावे लागले, भाडे भडकले आणि वरच्या भागातील खरेदी केंद्रांवर शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव उतरला. लातूर-अकोल्यात सोयाबीनची आवक सुरू होते तीही याच सुमारास, आणि शिकागोच्या वायदे बाजारातील चढउतार पेंड व खाद्यतेलाच्या दरांमार्फत तिथल्या बाजार समित्यांपर्यंत पोहोचतात.